ज्यू डाव्यांपुढील जुना पेच

जानेवारी २०२४ मध्ये हरियाणातील रोहतक येथे हजारो तरुण इस्रायलमधील बांधकामांवर जाण्यासाठी रांगेत उभे राहिले. गवंडी, सेंटरिंगचे सुतार, लोखंड वाकवणारे, लादी बसवणारे, गिलावा करणारे अशा कामगारांची मागणी होती आणि जाहिरातीत महिना १ लाख ३७ हजार रुपये मजुरी सांगितली होती. भरतीचा पुढचा टप्पा त्याच वर्षी महाराष्ट्रात ठेवण्यात आला. आपल्याकडे या घटनेची चर्चा झाली ती बेकारीच्या अंगाने, आणि ते स्वाभाविकही होते. युद्ध चालू असलेल्या देशात मजुरीला जाण्यास सुशिक्षित तरुण राजी व्हावेत, ही गोष्ट आपल्या आर्थिक प्रगतीच्या आकडेवारीवर पुरेसे भाष्य करणारी आहे. परंतु या रांगेला दुसरीही एक बाजू होती. ज्या जागा भरावयाच्या होत्या, त्या रिकाम्या कशामुळे झाल्या होत्या?

इस्रायलला मजूर पाठविण्याचा करार मे २०२३ चा, म्हणजे युद्धापूर्वीचा. पण त्याला खरी गती आली ती ७ ऑक्टोबर २०२३ नंतर. त्या दिवसापर्यंत पश्चिम किनारा आणि गाझा येथून सुमारे दीड लाख पॅलेस्टिनी मजूर इस्रायलमध्ये कामाला येत असत. हमासच्या हल्ल्यानंतर त्यांचे परवाने एका फटक्यात स्थगित झाले. हजारो मैलांवरचा मजूर आणावयाचा, पण कुंपणापलीकडचा नको, असे धोरण नेतान्याहूंच्या उजव्या सरकारने स्वीकारले. हल्ल्यानंतरची सुरक्षेची भीती खोटी नव्हती, हे मान्य केले पाहिजे. तथापि रोजगार हा राष्ट्राच्या सीमेचाच एक भाग मानावयाचा, हा विचार उजव्यांच्या डोक्यातून निघालेला नाही. त्याची पद्धतशीर मांडणी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी ज्यू समाजवाद्यांनी केली. आणि त्याला पहिला सैद्धांतिक विरोधही ज्यू समाजवाद्यांनीच केला. गाझाच्या युद्धामुळे जगभरच्या ज्यू डाव्यांत आज जो कडाक्याचा वाद पेटला आहे, तो झायोनवादाची बाजू आणि विरोध एवढ्याच परिभाषेत चालतो. त्याच्या मुळाशी असलेला श्रमाचा प्रश्न मागे पडला आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

१८९७ या एकाच वर्षी दोन घटना घडल्या. ऑगस्टमध्ये बाझेल येथे थिओडोर हर्झल यांच्या पुढाकाराने पहिली झायोनवादी परिषद भरली. त्यानंतर काही आठवड्यांतच रशियन साम्राज्यातील व्हिल्ना शहरात ज्यू कामगारांच्या काही प्रतिनिधींनी गुप्तपणे जमून 'बुंड' ही संघटना स्थापन केली. बुंडचे म्हणणे सरळ होते. ज्यू कामगार जेथे राहतो, कष्टतो, जेथे त्याची यिद्दिश भाषा बोलली जाते, तेथेच त्याने इतर कामगारांच्या खांद्याला खांदा लावून आपले हक्क मिळवावेत. या भूमिकेला यिद्दिशमध्ये 'दोइकाइत' म्हणतात. मराठीत 'इथलेपण' म्हणता येईल. ज्यूंचे दुःख स्थलांतराने नव्हे तर समाजवादाने संपेल; पण समाजवादासाठी ज्यूंनी आपली भाषा व संस्कृती सोडण्याचेही कारण नाही, असा दुहेरी आग्रह बुंडने धरला. त्यामुळे लेनिन व झायोनवादी या दोघांचाही रोष तिने ओढवून घेतला.

दुसऱ्या बाजूला बेर बोरोखोव्ह होते. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने त्यांची मांडणी मुळातून वाचावी अशी आहे. कोणत्याही सुस्थित समाजात शेती व मूलभूत उद्योग यांत राबणाऱ्यांचा पाया रुंद असतो आणि व्यापारी, दलाल, वकील, लेखक यांचा वरचा थर अरुंद असतो. ज्यू समाजाचा हा पिरॅमिड उलटा आहे, असे बोरोखोव्ह म्हणत. जमीन धरण्यास बंदी, मोठ्या कारखान्यांत प्रवेश नाही, म्हणून ज्यू मनुष्य शिंप्याच्या सुईत आणि किरकोळ व्यापारात अडकला. अशा समाजात वर्गलढा उभा राहणार कसा? यावर त्यांचे उत्तर असे की, ज्यूंना स्वतःचा प्रदेश मिळाल्याशिवाय त्यांच्यात खरा कामगारवर्ग निर्माणच होणार नाही. मार्क्सवादातून झायोनवादाकडे नेणारा हा पूल होता आणि त्यावरून त्या पिढीतील असंख्य तरुण पॅलेस्टाइनला गेले.

तेथे पोचल्यावर त्यांना जे आढळले ते कोणत्याही सिद्धांतात बसणारे नव्हते. पेताह तिक्वा, रिशॉन लेत्सियॉन येथील द्राक्षांचे आणि संत्र्यांचे मळेवाले ज्यूच होते. पण ते कामाला अरब मजूर ठेवीत. अरब मजूर कुशल होता, त्याचे घर व थोडीफार शेती जवळच्या गावात होती, त्यामुळे तो कमी मजुरीत येई. ओडेसाहून किंवा मिन्स्कहून आलेला पुस्तकी तरुण त्या दरात जगू शकत नव्हता. या कोंडीतून 'हिब्रू श्रम' ही घोषणा जन्मली: ज्यू मालकाने ज्यू मजूरच ठेवला पाहिजे. गेर्शोन शाफीर या समाजशास्त्रज्ञाने १९८९ मधील आपल्या ग्रंथात हा सारा इतिहास श्रमबाजारातील स्पर्धेच्या दृष्टीने उलगडला आहे आणि त्याचा निष्कर्ष असा की, किबुत्झ ही संस्था केवळ समतेच्या स्वप्नातून उभी राहिलेली नाही. अरब मजुराशी स्पर्धा टाळून ज्यू मजुराला जगवण्याची ती व्यावहारिक युक्तीही होती. राष्ट्रीय निधीच्या मालकीची जमीन, तिच्यावर सामुदायिक शेती, आणि मजुरीने माणूस ठेवायचाच नाही. मजूरच नसेल तेथे अरब मजुराचा प्रश्न उद्भवत नाही.

१९२० मध्ये हैफा येथे स्थापन झालेली हिस्ताद्रुत ही याच धोरणाची मध्यवर्ती संस्था. तिला नुसती कामगार संघटना म्हणणे अपुरे आहे. तिच्याकडे रुग्णसेवा होती, बँक होती, 'सोलेल बोने' ही बांधकाम कंपनी होती, पुढे 'कूर'सारखा उद्योगसमूह आला. ऐन भरात असताना ती सरकारखालोखाल देशातील सर्वांत मोठी मालक होती. तिच्याच चिटणीसपदावरून बेन गुरियन राष्ट्राच्या नेतृत्वाकडे गेले. या संघटनेच्या नावात 'हिब्रू' हा शब्द होता, आणि १९३० च्या दशकात संत्र्यांच्या मळ्यांसमोर तिचे कार्यकर्ते निदर्शने करीत ती अरब मजुरांना काम देऊ नये म्हणून. भांडवलदाराच्या फाटकावर कामगार संघटनेने धरणे धरावे आणि मागणी करावी ती दुसऱ्या कामगाराला काढण्याची, हे दृश्य समाजवादाच्या इतिहासात अपूर्व नाही. दक्षिण आफ्रिकेतील गोऱ्या खाणकामगारांनी तेच केले. पण म्हणून ते सुसह्य ठरत नाही.

हे सर्वांनाच पटले होते असे नव्हे. हैफाच्या रेल्वे कारखान्यात ज्यू व अरब एकाच छताखाली, एकाच ब्रिटिश मालकाकडे राबत. डाव्या 'पोआले झिओन' गटाने आणि पुढे 'हाशोमेर हात्साईर'च्या कार्यकर्त्यांनी तेथे संयुक्त संघटनेचा आग्रह धरला. ते प्रयत्न पुनःपुन्हा मोडले, पुनःपुन्हा सुरू झाले. एप्रिल १९४६ मध्ये पोस्ट, तार व रेल्वेच्या ज्यू आणि अरब कर्मचाऱ्यांनी मिळून जो संप केला त्याने ब्रिटिश राजवटीचा कारभार काही दिवस ठप्प झाला. दोन वर्षांत फाळणी, युद्ध आणि लाखो पॅलेस्टिनींची हकालपट्टी होऊन त्या संपाची आठवणही पुसली गेली. या संपाचा उल्लेख इस्रायलच्या राजकीय इतिहासात एखाद्या तळटीपेपुरता येतो. तो त्याहून पुष्कळ मोठ्या जागेला पात्र आहे, असे मला वाटते.

आपल्या समाजवाद्यांना यातले काय दिसले? नोव्हेंबर १९५६ मध्ये आशियाई समाजवादी परिषदेचे अधिवेशन मुंबईत भरले तेव्हा इस्रायलचे माजी पंतप्रधान मोशे शारेत त्याला आले होते, आणि नेमक्या त्याच सुमारास इस्रायली फौजा सिनाईत घुसल्या होत्या. १९५८ मध्ये जयप्रकाश नारायण इस्रायलला जाऊन आले. सर्वोदयाच्या कार्यकर्त्यांना किबुत्झ व मोशाव यांत ग्रामदानाचे जिवंत उदाहरण दिसले. ते चुकीचे पाहत नव्हते. समान वाटपाची ती शेती खरीच होती. पण फाटकाच्या आत समता आणि फाटकाशी पहारा, यांतील दुसरा भाग पाहुण्यांना दाखविला जात नसतो. जातीच्या वस्तीत वाढलेल्या आपल्या देशातील कार्यकर्त्यांना तरी तो दिसावयास हवा होता.

आणि पहारा केवळ अरबांपुरता नव्हता. कोकणातून गेलेल्या बेने इस्रायलींना तो लवकरच जाणवला. १९५१-५२ मध्ये त्यांच्यातील एका गटाने भेदभावाच्या निषेधार्थ तेल अवीवमध्ये धरणे धरले आणि आम्हाला भारतात परत पाठवा अशी मागणी केली. त्यांना परत आणण्यातही आले. पुढे त्यांच्या ज्यूपणाबद्दलच धर्मपीठाने शंका काढली आणि त्यांच्या विवाहांना अडथळे आणले, तेव्हा मजूर पक्षाचे सरकार आघाडीतील धार्मिक पक्षांकडे पाहत राहिले. बेने इस्रायलींनी चिकाटीने आंदोलन केल्यावर १९६४ मध्ये संसदेने ते पूर्ण ज्यू असल्याचे जाहीर केले. मोरोक्को, येमेन, इराक येथून आलेल्या पौर्वात्य ज्यूंचा अनुभव याहून फारसा निराळा नव्हता. दिमोनासारख्या वाळवंटी वसाहतींत घरे, कमी मजुरीची कामे, आणि वर सुसंस्कृत करण्याचा आव. १९७१ मध्ये जेरुसलेमच्या गरीब वस्तीतील पौर्वात्य तरुणांनी अमेरिकन कृष्णवर्णीयांचे नाव उचलून 'ब्लॅक पँथर्स' स्थापन केली. १९७७ मध्ये या मतदारांनी मेनाहेम बेगिन यांना सत्तेवर आणले. कामगारांचा पक्ष कामगारांच्या मतांनी हरला!

१९६७ च्या युद्धानंतर आणखी एक बदल घडला होता. पश्चिम किनारा आणि गाझा ताब्यात येताच तेथील स्वस्त श्रमाचा साठा इस्रायलच्या दाराशी आला. अर्थमंत्री पिन्हास सापीर यांनी या मजुरांवर अवलंबून राहण्यास विरोध केला. संरक्षणमंत्री मोशे दायान यांनी दरवाजे उघडले. दोघेही मजूर पक्षाचेच. १९८७ मध्ये पहिला उठाव झाला तेव्हा लाखाहून अधिक पॅलेस्टिनी दररोज इस्रायलमध्ये कामाला येत होते. व्याप्त प्रदेशातील एकूण कामकऱ्यांपैकी हे सुमारे ४० टक्के भरत. अधिकृत कार्यालयामार्फत काम मिळालेल्या मजुराच्या पगारातून हिस्ताद्रुतसाठी एक टक्का संघटना-वर्गणी कापली जाई. सभासदत्व मात्र त्याला मिळत नसे. इस्रायलच्या अरब नागरिकांना ते १९५९ मध्ये खुले झाले आणि संघटनेच्या नावातील 'हिब्रू' हा शब्द १९६६ मध्ये गळला. पण व्याप्त प्रदेशातील मजूर वर्गणीदार राहिला, सभासद झाला नाही.

इस्रायली डाव्यांचा ऱ्हास सामान्यतः ऑस्लो कराराचे अपयश आणि २००० नंतरचे आत्मघातकी हल्ले यांनी स्पष्ट केला जातो. ती कारणे खरी आहेत. पण त्याआधी आर्थिक पाया ढासळला होता. १९८४ मध्ये चलनवाढ ४०० टक्क्यांवर गेली आणि १९८५ मध्ये शिमॉन पेरेस यांच्या नेतृत्वाखालील राष्ट्रीय सरकारने जी कठोर योजना राबविली तिने महागाई रोखली खरी. त्याबरोबर अनुदाने, संरक्षण, हिस्ताद्रुतच्या उद्योगांचा आधार हेही गेले. कर्जबाजारी किबुत्झ एकामागून एक वेतनभेद स्वीकारू लागले. १९९५ पासून राष्ट्रीय आरोग्य विम्याचा कायदा अमलात आला आणि दवाखान्यासाठी हिस्ताद्रुतचे कार्ड बाळगण्याची गरज संपली, तेव्हा तिची सभासदसंख्या निम्म्याहून खाली घसरली. त्यानंतर डावेपणा म्हणजे शांततेच्या बाजूने असणे एवढाच अर्थ उरला, आणि तो तेल अवीवच्या सुखवस्तू उत्तर भागाचा विषय झाला. १९९२ मध्ये मजूर पक्ष व मेरेत्झ यांना मिळून १२० पैकी ५६ जागा होत्या. २०२२ मध्ये मजूर पक्षाला ४ आणि मेरेत्झला एकही नाही. २०२४ मध्ये दोघांनी विलीन होऊन यायर गोलान यांच्या नेतृत्वाखाली 'डेमोक्रॅट्स' हे नाव घेतले.

बुंडचे काय झाले हे सर्वज्ञात आहे, तरी सांगितले पाहिजे. पोलंडमध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या उंबरठ्यावर ती ज्यूंमधील सर्वांत प्रबळ राजकीय शक्तींपैकी एक होती. ज्या 'इथे' राहण्याचा तिने आग्रह धरला, ते 'इथे'च नाझींनी जाळून टाकले. तिचे नेते एर्लिख व आल्टर स्टालिनच्या तुरुंगात संपले. लंडनमधील प्रतिनिधी श्मुल झिगिएलबॉयम यांनी जगाच्या उदासीनतेचा निषेध म्हणून मे १९४३ मध्ये आत्महत्या केली. न्यूयॉर्कच्या शिवणकामगारांचे पुढारी डेव्हिड दुबिन्स्की हे मूळचे बुंडवाले, सैबेरियाची शिक्षा भोगलेले. पण त्यांच्याच संघटनेने पुढे हिस्ताद्रुतला सढळ हाताने पैसा पाठविला. त्यांना दोष देणे सोपे आहे. ज्याच्या गावातील एकही माणूस उरला नाही, त्याने आसऱ्याच्या जागेकडे कसे पाहावे, हे दुसऱ्या कोणी शिकवू नये.

अमेरिकेतील ज्यू तरुणांची आजची पिढी मात्र बुंडकडे पुन्हा वळली आहे. नोम चॉम्स्की आणि बर्नी सँडर्स हे दोघेही तरुणपणी काही काळ किबुत्झवर राहून आले होते. त्यांच्या नातवंडांच्या वयाच्या कार्यकर्त्यांना तसे करावेसे वाटत नाही. 'ज्युइश व्हॉइस फॉर पीस' या संघटनेने २०१९ मध्ये स्वतःला उघडपणे झायोनवादविरोधी म्हटले. एकेकाळी कम्युनिस्टांच्या जवळचे असलेले 'ज्युइश करंट्स' हे १९४६ पासूनचे नियतकालिक २०१८ मध्ये तरुण संपादकांच्या हाती आले आणि २०२० मध्ये पीटर बाइनार्ट यांनी त्यातच दोन राष्ट्रांच्या तोडग्याचा निरोप घेतला. १८ ऑक्टोबर २०२३ रोजी वॉशिंग्टनमध्ये संसद सदस्यांच्या कार्यालयांच्या इमारतीत शेकडो ज्यूंनी युद्धबंदीसाठी स्वतःला अटक करवून घेतली. २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या महापौरपदाच्या निवडणुकीत ब्रॅड लँडर या ज्यू पुढाऱ्याने झोहरान ममदानी यांच्याशी परस्पर पाठिंब्याची युती केली. ज्यू मतदार मात्र विभागले गेले आणि मतदानोत्तर पाहणीनुसार सुमारे एक तृतीयांशच ममदानींच्या बाजूला राहिले.

या पिढीच्या धैर्याविषयी आदर बाळगूनही एक गोष्ट नमूद करावी लागते. ७ ऑक्टोबरला सुमारे १,२०० माणसे मारली गेली. त्यांत गाझातील रुग्णांना इस्रायली इस्पितळांत पोचविणाऱ्या, शांततेसाठी आयुष्य वेचलेल्या बेएरी किबुत्झच्या व्हिव्हियन सिल्व्हर होत्या. जगातील डाव्यांचा एक भाग या मृत्यूंवर पहिल्या दिवसांत गप्प राहिला आणि काहींनी त्यांचे समर्थनही केले. गाझातील मृतांचा आकडा पुढे, तेथील आरोग्य खात्यानुसार, ऑक्टोबर २०२५ पर्यंत ६७ हजारांवर गेला; बेत्सेलेम या इस्रायली संस्थेने जुलै २०२५ मध्ये वंशसंहार हा शब्द वापरला. या भयंकर संहाराने ती पहिली चुप्पी योग्य ठरत नाही. डाव्या चळवळीत ज्यूद्वेष शिरतो हा आरोपही केवळ विरोधकांचा कांगावा नव्हे; १९५२ चा प्रागमधील स्लान्स्की खटला आणि १९६८ ची पोलंडमधील मोहीम हा डाव्यांच्याच घरातला इतिहास आहे. त्याचबरोबर इस्रायलवरील प्रत्येक टीकेला ज्यूद्वेष ठरविण्याचे हत्यार सरकारे सर्रास वापरतात, हेही तितकेच खरे. २०१६ च्या व्याख्येला उत्तर म्हणून ज्यू अभ्यासकांच्या पुढाकाराने २०२१ मध्ये जेरुसलेम घोषणापत्र निघाले ते यामुळेच.

परंतु न्यूयॉर्कमधून झायोनवाद नाकारणे आणि नेगेव्हमधील कारखान्यात अरब सहकाऱ्याबरोबर संघटना बांधणे, यांत फरक आहे. २०१५ मध्ये निघालेली 'स्टँडिंग टुगेदर' ही ज्यू-अरब चळवळ हे दुसरे काम करू पाहते. ताशी किमान मजुरी ४० शेकेल करावी म्हणून तिने मोहीम चालविली; मे २०२४ मध्ये गाझाला जाणारे धान्याचे ट्रक उजवे तरुण लुटू लागले तेव्हा तिचे कार्यकर्ते त्या ट्रकांना पहारा देण्यास उभे राहिले. आणि जानेवारी २०२४ मध्ये पॅलेस्टिनी बहिष्कार चळवळीने हिलाच बहिष्कृत ठरविले. सत्तेच्या विषमतेवर ती सामान्य संबंधांचे पांघरूण घालते, असा आक्षेप. या आक्षेपात तथ्याचा अंश आहे. व्याप्त प्रदेशातील माणसाला मत नाही, आणि किमान मजुरीच्या मोहिमेने ते मिळत नाही. तरीही मला हा निर्णय अदूरदृष्टीचा वाटतो. ज्या देशात एक कोटीच्या घरात माणसे आहेत आणि ती कोठे जाणार नाहीत, तेथे संयुक्त संघटनेवाचून दुसरा मार्ग कोणता?

डिसेंबर २०२३ मध्ये पश्चिम किनाऱ्यावरील मजुरांना पुन्हा येऊ द्यावे असा विचार इस्रायली सरकारात झाला. त्यासाठी आग्रह धरणाऱ्यांत बांधकाम ठेकेदार होते, कारण अर्धवट इमारतींचे व्याज त्यांना भरावे लागत होते. स्मोत्रिच आणि बेन ग्वीर या मंत्र्यांनी तो विचार हाणून पाडला. त्याच्या महिनाभर आधी भारतातील आयटक, सिटू, हिंद मजदूर सभा आदी केंद्रीय कामगार संघटनांनी पॅलेस्टिनींच्या जागी भारतीय मजूर पाठविण्यास जाहीर विरोध केला होता. त्या विरोधाचा रोहतकच्या रांगेवर काही परिणाम झाला नाही, आणि रांगेतील तरुणाला दोष देण्याचा अधिकार ज्याचे पोट भरलेले आहे त्याला नाही. आता हे हजारो भारतीय मजूर त्या इमारतींवर चढले आहेत. ठेकेदाराने मजुरी कापली, परवाना एकाच मालकाशी बांधला, पहाडावरून कोणी पडला, तर त्यांच्या बाजूने कोण उभे राहील, आणि तो उभा राहताना ज्याच्या जागी ते आले त्या हेब्रॉनच्या गवंड्याचे नावही घेईल काय, हा प्रश्न इस्रायलच्या डाव्यांना या पुढच्या काळात टाळता येणार नाही.